नोरीन गॅस्परची बावीस रिळं

माझे वडील श्यामकांत उपळेकर यांचं सगळं आयुष्य कलकत्त्यात गेलं. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी अकोल्याहून गार्डन रीचला आले आणि परत गेलेच नाहीत. बाबा तिथल्या क्वार्टरमध्ये जन्मले. पुढे आम्ही भवानीपूरला राहायला गेलो, पण घराचा रिवाज तोच राहिला. घराबाहेर बंगाली, ऑफिसात इंग्रजी आणि दाराच्या आत मराठी.

बाबा ओरिओल स्टुडिओत टेप सांभाळायच्या कामावर होते. चौरंगीच्या मागच्या गल्लीत दुसऱ्या मजल्यावर हा खाजगी स्टुडिओ होता. चहाच्या, साबणाच्या कंपन्यांसाठी रेडिओचे कार्यक्रम तिथे ध्वनिमुद्रित होत. प्रत्येक रिळाला नंबर देणं, खोक्यावर नाव-तारीख लिहिणं, कपाटात लावणं आणि मागितलं की दोन मिनिटांत काढून देणं हे बाबांचं काम. ही सवय घरातही आली होती. आईच्या लोणच्याच्या बरण्यांवरसुद्धा त्यांच्या वळणदार अक्षरात तारखा असायच्या. आई चिडायची, "लोणचं आहे हो, दस्तऐवज नव्हे."

१९६२ ते ६६ या काळात एका चहा कंपनीसाठी ओरिओलमध्ये दर आठवड्याला जाझचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम व्हायचा. त्यात गायची नोरीन गॅस्पर. आज ते नाव कुणाला माहीत नसेल, पण त्या वेळी पार्क स्ट्रीटवर तिच्या नावाच्या पाट्या लागत. ती अँग्लो-इंडियन होती, बाबांपेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. वडील खरगपूरला इंजिन ड्रायव्हर. रेल्वे कर्मचाऱ्यांच्या क्लबात, म्हणजे इन्स्टिट्यूटमध्ये, नाचाच्या संध्याकाळी गाता गाता ती पार्क स्ट्रीटच्या मोठ्या हॉटेलापर्यंत पोचली आणि दहा वर्षं तिथली राणी होऊन राहिली. मुंबई-दिल्लीचे वादक खास तिच्यासाठी कलकत्त्याला येत.

बाबांनी तिला हॉटेलात कधी ऐकलं नाही. तिथे जायचं धाडसच त्यांना झालं नसतं. ते ऐकायचे स्टुडिओच्या काचेआडून. गाण्याआधी ती चपला काढून माइकच्या शेजारी नीट जोडून ठेवायची आणि अनवाणी उभी राहायची. एरवी तोंडाने फटकळ. लिफ्टवाल्याला शिव्या द्यायची, बाबांच्या इंग्रजीतल्या चुका चारचौघांत काढायची. पण गायला लागली की, बाबा म्हणायचे, शब्दसुद्धा तिच्या हातात दोरीसारखा यायचा. ताणायची, सैल सोडायची, आणि आता निसटला असं वाटतं तोच झेलायची. बाबांना नाट्यसंगीताचा नाद. त्यांना त्या गाण्यातलं शास्त्र काही कळत नव्हतं, तरी तिच्या ध्वनिमुद्रणाच्या दिवशी ते दुपारचा डबा उशिरा खात.

तिची बावीस रिळं बाबांच्या कपाटात होती. तिची ग्रामोफोनची तबकडी कधी निघाली नाही. चार वेळा ठरलं आणि चार वेळा फिसकटलं. चहा कंपनीने कार्यक्रम बंद केला. मग पार्क स्ट्रीटचे दिवसही उतरले. शहरात संप-दंगे वाढले, संध्याकाळी लोक घराबाहेर पडायला बिचकू लागले, बँडवाले पांगले. १९६९ मध्ये नोरीनच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि तिचा आवाज कायमचा गेला. म्हणजे बोलता यायचं, पण जाड कापड फाडल्यासारखं. हे बाबांना माहीत होतं. म्हणूनच पुढचं सगळं जास्त लाजिरवाणं आहे.

१९७१ च्या मार्चमध्ये ओरिओलला मोठं काम मिळालं. तागाच्या शेतकऱ्यांसाठी सल्ल्याचे कार्यक्रम. पेरणी तोंडावर आलेली. कोऱ्या टेप बाहेरून यायच्या आणि परवाना अडकला होता. मालकांनी बाबांना बोलावलं आणि सांगितलं, "सोमवारपर्यंत पंचवीस रिळं मोकळी करून द्या. कुठली ते तुम्ही ठरवा. तुम्हालाच कपाट माहीत."

टेप पुसायला इस्त्रीएवढं एक विजेचं चुंबक होतं. बटण दाबून ते रिळावर गोल फिरवलं की अर्ध्या मिनिटात रीळ कोरं. बाबांनी तीन रिळं जुन्या जाहिरातींची घेतली. उरली बावीस. कपाटात आणखी तीन रिळं अशी होती की ज्यांच्यावर स्टुडिओचा नंबरच नव्हता. आमच्या मराठी मंडळाच्या १९६४ च्या गणेशोत्सवातली नाट्यसंगीताची मैफल बाबांनी मालकांच्या परवानगीशिवाय कंपनीच्या टेपवर उतरवली होती. त्यात माझ्या आईची, प्रेमलता उपळेकरांची, दोन पदं होती. शिवाय मालकांच्या मेहुण्याची भाषणं होती, एका साबणवाल्याची विनोदी नाटुकली होती. भाषणांना हात लावला असता तर मालक रागावले असते. नाटुकल्यांबद्दल साबणवाल्याने विचारलं असतं. आणि आपली तीन रिळं पुढे केली असती तर चोरी उघडी पडली असती.

"नोरीनबद्दल विचारणारं कुणी नव्हतं," बाबा पुढे मला म्हणाले. "एवढाच विचार केला मी. तिची म्हणून नाही पुसली. तिच्यामागे कुणी नव्हतं म्हणून पुसली."

शनिवारी दुपारी त्यांनी एकेक करून बावीसही रिळं पुसली. पुसण्याआधी एकही लावून ऐकलं नाही. घरी आले आणि आईला म्हणाले, डोकं दुखतंय.

पावणेतीन वर्षांनी, १९७३ च्या डिसेंबरात, एका गुरुवारी नोरीन गॅस्पर जिना चढून स्टुडिओत आली. लिफ्ट बंद होती. केस पांढरे झालेले, हातात काठी. धापा टाकत बाबांच्या टेबलासमोर बसली आणि म्हणाली, "श्याम, मी ऑस्ट्रेलियाला चाललेय. पर्थला, बहिणीकडे. इथलं सगळं विकलं. पियानोही गेला. मला फक्त माझं गाणं हवंय. एक टेप पुरे. तू निवड."

त्या क्षणी 'नाही' म्हणायला हवं होतं. बाबांनी तोंड उघडलं आणि बाहेर आलं ते असं, "कपाटांची फेरमांडणी चाललीय, मिस गॅस्पर. पुढच्या गुरुवारी याल?"

ती पुढच्या गुरुवारी आली. त्याच्या पुढच्याही. येताना रिपन स्ट्रीटच्या बेकरीतून बाबांसाठी गुलाबी आयसिंगचा केक आणायची आणि समोर बसून त्यांना खायला लावायची. बाबा खायचे. खाताखाता सांगायचे, "अजून शोधतोय. बारा कपाटं आहेत." ती म्हणायची, "शोध, शोध. इतकी वर्षं सांभाळलंस, आता घाई कशाला?" आणि मग तिच्या गोष्टी सुरू व्हायच्या. खरगपूरच्या, बँडमधल्या ट्रम्पेटवाल्याच्या, ज्याच्याशी तिचं लग्न दोन वर्षं टिकलं त्याच्या. अशा अकरा फेऱ्या झाल्या. सत्तावन्न-अठ्ठावन्न वर्षांची बाई काठी टेकत दोन मजले चढायची, कारण माझे वडील तिला खरं सांगत नव्हते.

बाराव्या गुरुवारी ती म्हणाली, "शनिवारी माझं विमान आहे."

बाबा आत गेले. कपाटात तिची जुनी खोकी तशीच होती. खोक्यांचासुद्धा तुटवडा, म्हणून तागाच्या कार्यक्रमाची रिळं त्यातच घातलेली. एका खोक्यावर 'नोरीन गॅस्पर, ऑगस्ट १९६४' ही अक्षरं अजून स्वच्छ होती. वर तागाची चिठ्ठी डकवली होती, ती त्यांनी नखाने काढली. रीळ आतच राहू दिलं. खोक्याला चिकटपट्टी लावून ते बाहेर आले आणि शेवटचं खोटं बोलले, "टेप जुनी झालीय. इथल्या कुठल्याही मशीनवर लावू नका, तुटेल. तिकडे चांगल्या मशीनवर एकदाच लावा."

तिने ते खोकं छातीशी धरलं. मग टेबलावरून वाकून सगळ्या स्टाफसमोर बाबांच्या कपाळाचा मुका घेतला.

मे महिन्यात पत्र आलं. दुपारची वेळ होती. बाबा ऑफिसात. परदेशी तिकीट पाहून आईने पाकीट फोडलं. इंग्रजी म्हणून माझ्याकडे दिलं. मी तेव्हा कॉलेजात होते. मी वाचून मराठीत सांगत गेले.

"प्रिय श्याम, इथे तुझ्या त्या टेपला चालेल असं मशीन मिळायला मला दोन महिने लागले. बहिणीच्या चर्चमधल्या एका माणसाकडे मिळालं. रविवारी आम्ही लोकांना बोलावलं. सतरा जण आले. बहिणीने सँडविच केले. मी नवा झगा घातला होता. टेप लावली तर एक गृहस्थ बंगालीत तागाबद्दल बोलत होते. बी किती पेरायचं, पाणी कधी सोडायचं. मी म्हटलं, थांबा, आधी दुसरं काही असेल. लोक सभ्य होते, कुणी उठलं नाही. बत्तीस मिनिटं ताग चालला. शेवटी तरी मी येईन म्हणून मी सगळं ऐकलं. घाईत तुझ्या हातून चुकीची टेप खोक्यात गेली असेल. मनाला लावून घेऊ नकोस. खरी टेप पाठव. तुझी, नोरीन."

आई म्हणाली, "बिचारी. यांच्या हातून असं कसं झालं?" बाबांच्या हातून चुकीची टेप जाणं शक्य नाही हे तिला लोणच्याच्या बरण्यांवरून ठाऊक होतं. तिने पत्र जेवणाच्या टेबलावर ठेवलं.

बाबा सहा वाजता आले. उभ्यानेच पत्र वाचलं. खांद्यावरची पिशवी न काढता खुर्चीत बसले आणि आम्हाला सगळं सांगितलं. मार्च एकाहत्तरपासून, काही न गाळता. आई ऐकत होती. शेवटी तिने एकच विचारलं, "आणि माझं गाणं ठेवलंत?"

"हो."

"का?"

बाबांनी पत्राची घडी घातली. आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ कुकरची शिटीसुद्धा ऐकू आली नाही.

पत्राला उत्तर गेलं नाही. जून गेला, जुलै गेला. बाबा रोज कागद घ्यायचे आणि 'प्रिय मिस गॅस्पर' एवढं लिहून ठेवून द्यायचे. मलाही त्यांच्याकडे बघवेनासं झालं होतं. मैत्रिणींनी वडिलांबद्दल विचारलं की मी विषय बदलायचे. त्याची लाज मला आज वाटते, तेव्हा वाटली नाही.

सप्टेंबरात मंडळाचा गणेशोत्सव आला. चिटणीस विनायकराव घरी येऊन म्हणाले, "श्यामकांत, चौसष्टची ती मैफल तुमच्याकडे आहे म्हणे. त्यातले दोघे गायक आता नाहीत. लोकांना ऐकवूया." बाबा नको म्हणाले. विनायकरावांना वाटलं, भिडस्तपणा. बाबांनी एव्हाना घरी आणून ठेवलेली ती टेप त्यांनी नेलीच.

हॉल भरला होता. टेप वाजली, आईची पदं झाली, लोकांनी माना डोलावल्या. मग विनायकराव उभे राहिले आणि म्हणाले, "परक्या शहरात आपलं गाणं ज्यांनी दहा वर्षं जपलं, त्या उपळेकरांचा सत्कार करूया." शाल आली, नारळ आला. आई माझ्या शेजारी खाली मान घालून बसली होती. ती बाबांना हळूच म्हणाली, "उठा आता. शाल घ्यायला नव्हे. सांगायला."

बाबा उठले. माइकपाशी जाऊन अडखळत म्हणाले, "ही टेप वाचली, कारण मी दुसऱ्या एका गायिकेची बावीस रिळं पुसली. तिचं दुसरं काहीच उरलेलं नाही. तिचा आवाज गेलेला आहे. मी तिला खोटं सांगितलं, वर चुकीची टेप दिली. मला शाल देऊ नका."

कुणीतरी विचारलं, "कोण गायिका?"

"नोरीन गॅस्पर. पार्क स्ट्रीटला जाझ गायच्या."

"अहो, हॉटेलात गाणारी ती मडम!" मागून एक जण मोठ्याने हसला. "बरंच केलंत. आपल्या माणसाचं आपण नाही जपायचं तर कुणी?" आणि टाळ्या पडल्या. खऱ्या, मनापासूनच्या टाळ्या. विनायकरावांनी बाबांच्या खांद्यावर शाल घातली.

ट्रामने घरी येताना बाबांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली होती. "मी चूक सांगितली," ते म्हणाले, "आणि त्यांनी टाळ्या वाजवल्या. वृंदा, याच्यापेक्षा कुणी मारलं असतं तर बरं होतं."

दुसऱ्या दिवशी त्यांनी नोरीनला चार पानी पत्र लिहिलं. काही झाकलं नाही. पोस्टात टाकलं. उत्तराची वाट पाहिली. दिवाळी झाली, नाताळ आला, उत्तर आलं नाही.

मग त्यांनी शोध सुरू केला. कुणीतरी, कुठल्या तरी समारंभात, घरच्या मशीनवर नोरीनला उतरवलं असेल. रविवारी सकाळी निघायचे. होड्यांचे क्लब, पोहण्याचे क्लब, गार्डन रीचचं रेल्वे इन्स्टिट्यूट. सगळीकडे आधी स्वतःची चूक सांगायचे, मग विचारायचे. लोक म्हणायचे, "जाऊ द्या हो, नोकरी म्हटली की असं होतंच." हे ऐकलं की बाबांचा चेहरा पडायचा. इन्स्टिट्यूटमधल्या एका म्हाताऱ्या ड्रमवाल्याने सांगितलं, बजबजला तेलाच्या डेपोत एक मराठी इंजिनिअर आहे, जर्मन टेपरेकॉर्डर घेऊन सगळ्या नाचांना हजर असायचा.

जानेवारीत बालीगंजहून लोकल पकडून बाबा आणि मी बजबजला गेलो. चारुदत्त कर्णिक निवृत्तीला आले होते, ठाण्याला जायची बांधाबांध चालली होती. घरभर खोकी. बाबांनी दारातच सगळं सांगितलं.

कर्णिकांनी ऐकून घेतलं आणि एकदम भडकले. "पुसलीत? बावीसच्या बावीस? अहो, तुम्हाला कान होते की नाही? मी त्या बाईला तीन वेळा ऐकलंय. तिसऱ्यांदा ताप होता तरी गेलो. आणि तुम्ही, दर आठवड्याला काचेआडून ऐकणारा माणूस, भाषणं ठेवलीत आणि तिला पुसलंत? वर तिला जिने चढायला लावलेत? लाज नाही वाटली?"

"वाटली," बाबा म्हणाले. "वाटते."

"मग वाटू द्या!"

मी घाबरून बाबांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते, पण चेहरा कित्येक महिन्यांत पहिल्यांदा सैल झालेला होता. कुणीतरी रागावलं होतं.

कर्णिकांनीच मग खोकी उपसली. १९६१ च्या नाताळात डेपोच्या क्लबात झालेल्या नाचाची एक टेप निघाली. "दोघी गायल्या होत्या त्या दिवशी," ते म्हणाले. "आधी एक नवी पोरगी आणि नंतर नोरीन. यात कुठला भाग आहे, देव जाणे. मी तेव्हा थोडी घेतली होती."

टेप लावली. ग्लासांची किणकिण, खुर्च्यांचे आवाज, आणि त्यातून एक बाईचा आवाज. साडेतीन मिनिटांचं एक गाणं. शेवट तुटलेला. कर्णिक डोळे मिटून ऐकत होते. संपल्यावर म्हणाले, "मला तीच वाटते. पण तुम्ही सांगा. तुम्ही जास्त ऐकलंय."

बाबांनी पुन्हा लावायला सांगितलं. मग तिसऱ्यांदा. त्यांच्या कपाळावर घाम आला होता, जानेवारीत.

"मला ओळखू येत नाही," ते म्हणाले. "मला तिचा आवाज आठवत नाही."

परतीच्या गाडीत ते खिडकीकडे तोंड करून बसले. टेप कर्णिकांनी देऊन टाकली होती. ती बाबांनी दोन्ही हातांनी धरली होती.

पर्थला पाठवलेल्या पाकिटात या वेळी चार ओळींची चिठ्ठी होती. 'हा आवाज तुमचा आहे की दुसऱ्या गायिकेचा, मला सांगता येत नाही. ज्याने तुमचा आवाज पुसला त्याला तो ओळखताही येत नाही, हेही तुम्हाला कळायला हवं. नसेल तुमचा, तर फेकून द्या.'

मार्चमध्ये एक कार्ड आलं. अक्षर थरथरतं. 'श्याम, मीच आहे. त्या दिवशी मला सर्दी होती. बहिणीला आवडलं. नोरीन.' बाकी काही नाही. चार पानी पत्राबद्दल एक शब्द नाही, ना माफी ना राग.

आईला हायसं वाटलं. बाबा कार्ड उलटंसुलटं करून पाहत राहिले. "मला बरं वाटावं म्हणून लिहिलं असेल," ते म्हणाले.

"किंवा खरंच ती असेल," मी म्हटलं.

"असेल."

नोरीन गॅस्पर १९७८ मध्ये वारली. तिच्या बहिणीने दोन ओळींनी कळवलं. बाबांनी त्या टेपची एक नक्कल करून ठेवली होती, ती माझ्याकडे आहे. मी नोरीनला कधी ऐकलं नव्हतं, त्यामुळे माझं मत विचारण्यात अर्थ नाही. एकोणऐंशी साली जुन्या गाण्यांवर लिहिणारा कुणी बंगाली पत्रकार घरी आला आणि टेप ऐकून त्याने बाबांना विचारलं, "म्हणजे ही नक्की नोरीन गॅस्पर?"

बाबांनी खोक्यावरचं लेबल त्याच्यापुढे केलं. त्यावर नाव नव्हतं, फक्त 'बजबज, डिसेंबर १९६१' एवढंच लिहिलं होतं.

"ती हो म्हणाली होती," ते म्हणाले. "माझं म्हणाल तर मला सांगता येणार नाही."